ख्रिस्तात मोकळीक आहे म्हणतात, मग एवढे नियम कशाला?

निळी_छत्री

जय ख्रिस्त सगळ्यांना. प्रश्न लांबलचक झालाय, वाचायला वेळ असेल तरच वाचा.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. आमच्या घरात पणजोबांपासून ख्रिस्ती. गावात जुनं दगडी चर्च, आई मंगळसूत्र घालते, टिकली लावते, नाताळला करंज्या-शंकरपाळे, भजनाला पेटी-तबला, सगळं आपलं साधं मराठी. आता नोकरीसाठी पुण्यात आहे आणि रूममेटबरोबर एका नव्या मंडळीत जायला लागले. लोक खरंच प्रेमळ आहेत, आजारी पडले तेव्हा डबा आणून दिला, ते मी विसरणार नाही. संदेशात कायम एकच विषय, ख्रिस्ताने तुम्हाला स्वतंत्र केलंय, तुम्ही आता कशाचे गुलाम नाही. ऐकायला इतकं छान वाटतं ना. पण उपासना संपून चहाचे कप हातात आले की यादी सुरू होते. टिकली नको, कानातलं नको, सिनेमा नको, ऑफिसच्या गणपतीचा मोदक नको, मैत्रिणीच्या हळदीकुंकवाला जायचं नाही. आणि हे सगळं 'केलंत तर बरं' असं नसतं, 'केलं नाही तर तुमचं तारण (म्हणजे पापातून झालेली सुटका) कच्चं आहे' असं असतं. मागच्या महिन्यात एक ताई म्हणाल्या तुझ्या आईसाठी प्रार्थना करूया, ती अजून बंधनात आहे. माझी आई! जिने मला 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' शिकवलं!!

मला नियमांचा राग नाही. मला एवढंच विचारायचंय की आत्मिक स्वातंत्र्य म्हणजे नक्की काय. मेल्यावर नरकात जायचं नाही एवढंच? की सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना पण त्याचा काही उपयोग असतो? आणि ते स्वातंत्र्य असेल तर त्याला एवढं कुंपण कशाला? पाळकांना विचारलं तर म्हणाले प्रार्थना करा, आत्मा प्रगट करेल. करतेय, पण तोवर इथे विचारते.

जागरूक_विश्वासी

ताई, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका. स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. गलतीकरांस पत्र ५:१३ मध्येच लिहिलंय की स्वातंत्र्याचा वापर देहवासनांना संधी म्हणून करू नका. प्रेषितांची कृत्ये १५:२९ बघा, यरुशलेमेत सगळ्या प्रेषितांनी बसून ठरवलं की मूर्तींना अर्पिलेलं खाऊ नये, ते काही तुमच्या पाळकांनी घरी बसून काढलेलं नाही. दागिन्यांबद्दल १ पेत्र ३:३ आहे. पापातून सुटका झाली म्हणजे जगापासून वेगळं होणं आलंच. मासा म्हणाला मला पाण्यातून स्वातंत्र्य पाहिजे तर तो मरेल. तुमच्या मंडळीतले लोक तुमच्या आत्म्याची काळजी करतायत, ते बंधन समजू नका.

पानसुपारी

निळी छत्री, तुमची मंडळी जे पत्र वाचून स्वातंत्र्यावर बोलते ते गलतीकरांस पत्र मुळात तुमच्यासारख्याच प्रश्नावर लिहिलंय हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

गलतीया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला भाग. तिथे प्रेषित पौलाने, म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्यानेच, यहुदी नसलेल्या लोकांमध्ये मंडळ्या उभ्या केल्या. तो पुढे गेल्यावर मागून दुसरे उपदेशक आले आणि म्हणाले येशूवर विश्वास ठेवलात ते फार चांगलं, पण एवढ्यावर भागत नाही, सुंता करून घ्या, सण-वार पाळा, मग तुम्ही पक्के देवाचे लोक. म्हणजे 'तुमचं तारण कच्चं आहे' ही भाषा नवीन नाहीये, पहिल्या शतकातली आहे. पौल त्यावर इतका भडकला की ५:१२ मध्ये सुंतेवाल्यांनी स्वतःचं सगळंच कापून घ्यावं असं लिहून बसला (रविवारच्या वाचनात हे वचन मी अजून तरी ऐकलेलं नाही). आणि त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत ते प्रसिद्ध वाक्य, ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय, परत गुलामीच्या जुवाखाली मान घालू नका. लक्षात घ्या, हे तो दारू-जुगारवाल्यांना सांगत नाहीये, जास्त धार्मिक व्हायला निघालेल्यांना सांगतोय! आपल्याकडे प्रवचनात जू म्हटलं की लगेच व्यसन आणि सिनेमा येतो, पण या पत्रात जू म्हणजे धर्माचे नियम आहेत, तेही देवाने दिलेल्या नियमशास्त्रातले.

आता यातली गंमत. यरुशलेमेला गेला तेव्हा पौलाबरोबर तीत होता, ग्रीक माणूस. लोकांनी दबाव आणला की याची सुंता झालीच पाहिजे, पौल जराही नमला नाही, गलती २ मध्ये आहे. पण नंतर तीमथ्याला बरोबर घ्यायची वेळ आली, त्याची आई यहुदी, बाप ग्रीक, तेव्हा त्याच पौलाने त्याची सुंता केली, का तर त्या भागातले यहुदी लोक बिचकू नयेत म्हणून (कृत्ये १६:३). मग पौल दुटप्पी का? मी बरीच वर्षं यावर घोळ घालत होतो, आता मला वाटतं सगळं उत्तर इथेच आहे. तीताच्या वेळी सुंता ही अट होती, देवाने तुला स्वीकारायचं असेल तर हे कर. तीमथ्याच्या वेळी ती समोरच्या माणसासाठी केलेली सोय होती, देवाशी नातं त्यावर टांगलेलं नव्हतं. कृती तीच, एकदा ठाम नाही आणि एकदा खुशाल हो, आणि दोन्ही वेळा माणूस मोकळाच.

त्यामुळे टिकली लावावी की नाही हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ती काढल्याने देव तुम्हाला जास्त जवळ करणार आहे असं कुणी म्हणत असेल तर ती गलतीयातलीच गोष्ट. तुम्हाला आतून वाटलं, किंवा कुणाला अडचण होऊ नये म्हणून तुम्ही नाही लावली, तर उत्तम. आईने लावली तरी उत्तम. कलस्सैकरांस २:२१ पण बघून ठेवा, हात लावू नको, चाखू नको, शिवू नको, असल्या नियमांबद्दल पौल काय म्हणतो ते. दिसायला फार शहाणपणाचे आणि नम्रतेचे, पण देहाला आवर घालायला काही कामाचे नाहीत असं म्हणतो.

जागरूक भाऊ, ५:१३ तुम्ही अर्धंच सांगितलंत. पुढे आहे की प्रीतीने एकमेकांची सेवा करा. स्वैराचारावर पौलाचा उतारा नियमांची यादी हा नाहीच, शेजाऱ्यावर प्रेम हा आहे. आणि ५:१५ तर चहाच्या वेळच्या गप्पांसाठीच लिहिल्यासारखं आहे, एकमेकांना चावाल आणि खाल तर एकमेकांना संपवून टाकाल, सांभाळा.

चहाबाज

मी ख्रिस्ती नाही, वाचतोय फक्त, पण एक शंका. हे सगळं आपल्या मोक्ष-मुक्तीसारखंच आहे का? जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका वगैरे? आणि तसं असेल तर आमचे तुकोबा तर मुक्तीच नको म्हणतात, संतांची संगत दे आणि खुशाल गर्भवासी घाल म्हणतात. हा प्रश्न अस्थानी असेल तर सोडून द्या.

वसईचा_वारा

चहाबाज, अजिबात अस्थानी नाही. रेव्हरंड टिळक, म्हणजे ना. वा. टिळक, स्वतः म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. फरक माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो, मी कॅथलिक आहे, धर्मशास्त्र शिकलेला नाही. ख्रिस्ती मुक्ती शरीरातून किंवा जगातून सुटका अशी नाही, शरीराचं पुनरुत्थान आहे, रोमकरांस ८ मध्ये तर सगळी सृष्टी सुद्धा नासण्याच्या गुलामीतून सुटणार असं आहे. म्हणजे झाडं-नद्या पण त्यात आल्या. आणि ती कमवायची नसते, मिळते. तुकोबांचं म्हणणं मात्र आमच्या लोकांना फार जवळचं वाटतं, कारण शेवटी नातं हवंय, नुसती सुटका करायची काय.

निळी छत्री यांनी सोमवार सकाळचं विचारलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या पॅरिशच्या हॉलमध्ये दारू सोडणाऱ्यांची, एएची मीटिंग होते. त्यांची पहिली पायरीच ही की आम्ही दारूपुढे हतबल आहोत हे आम्ही मान्य केलं. मी दारू पीत नाही तरी एकदा ओपन मीटिंगला बसलो आणि मला रोमकरांस ७ पहिल्यांदा कळलं, जे चांगलं करायची इच्छा आहे ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच होतं. सगळे सज्जन लोक. शपथा घेतलेल्या, देवळात, चर्चमध्ये, बायकोच्या डोक्यावर हात ठेवून, सगळीकडे. शपथेने कुणी सुटला नव्हता. मी करून दाखवतो हे ज्या दिवशी सोडलं त्या दिवसापासून पुढे सरकले असंच जवळजवळ प्रत्येकजण बोलत होता. हे आत्मिक स्वातंत्र्य नाही तर काय. दारूच्या जागी तुम्ही राग घाला, पैसा घाला, लोक काय म्हणतील घाला, मोबाईल घाला.

आमच्याकडे संत इग्नेशियसची साधना आहे, जेझुइट लोकांचे संस्थापक. बास्क सरदार घराण्यातला माणूस, मानमरातबाचा भुकेला, १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला. बरा होताना वाचायला शौर्याच्या कथा मागितल्या, घरात निघाली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. त्याच्या साधनेत सुरुवातीलाच एक गोष्ट येते जी मला अजून जमलेली नाही, आजारापेक्षा आरोग्यच हवं, गरिबीपेक्षा श्रीमंतीच हवी, अपमानापेक्षा मानच हवा, कमी आयुष्यापेक्षा जास्तच हवं, असा हट्ट मनातून काढून टाकायचा. म्हणजे या गोष्टी वाईट असं नाही. त्यांच्यावाचून अडतं म्हणून आपण चुकीचे निर्णय घेतो, ते थांबवायचं. प्रमोशन गेलं तरी चालेल असं ज्याला खरंच वाटतं तो बॉसला खरं सांगू शकतो. सोमवारी सकाळी हे लागतंच की. आणि शेवटी जी प्रार्थना आहे तिची सुरुवातच अशी की प्रभो, माझं सगळं स्वातंत्र्य घे. स्वातंत्र्य शिकायला महिनाभर बसायचं आणि मग ते देऊन टाकायचं, हसू येतं पहिल्यांदा वाचताना.

नियमांबद्दल, आमच्याकडे तर तुमच्यापेक्षा जास्त आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेला मांस नाही, उपास आहे. मला त्याचा जाच होत नाही, पण ज्या वर्षी मी दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते बघायला लागतो त्या वर्षी उपास फुकट गेला असं समजतो.

काळा_फळा

सगळं छान चाललंय, पण मला एक खटकतंय. सगळं आत, मनात, आत्म्यात. बाहेरचं काय?

इतिहास बघा. १५२० साली जर्मन धर्मसुधारक लूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहिली, ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा मालक, कुणाच्या ताब्यात नाही, आणि त्याच वेळी सगळ्यांचा सेवक. सुंदर. पाच वर्षांनी, १५२५ मध्ये, मेमिंगेनला शेतकऱ्यांनी बारा कलमं लिहिली, त्यातलं तिसरं कलम म्हणतं की ख्रिस्ताने मेंढपाळापासून राजापर्यंत सगळ्यांना आपलं रक्त सांडून विकत घेतलंय, म्हणून आम्ही वेठबिगार राहणार नाही. तर लूथर म्हणाला तुम्ही ख्रिस्ती स्वातंत्र्य अगदी दैहिक करून टाकलंत. आत्मा मोकळा, माणूस जमीनदाराचाच! पुढे १६६७ ला अमेरिकेत व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला की बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलामाची गुलामी संपत नाही. का करावा लागला? कारण गुलाम लोक विचारायला लागले होते की आम्ही जर ख्रिस्ती बंधू झालो तर मग बेड्या कशा. आणि १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडिजच्या गुलामांसाठी एक निवडक बायबल छापलं, त्यात मिसर देशातून इस्राएल लोकांची सुटका झाली तो भाग गाळलेला, आणि 'दास नाही, स्वतंत्र नाही, तुम्ही सगळे ख्रिस्त येशूत एक' हे गलती ३:२८ पण गाळलेलं. गाळणाऱ्याला बरोबर कळलं होतं की या ओळी नुसत्या आत्म्यापुरत्या नाहीत.

आमचे आजे-पणजे नगर भागात ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार-मांग समाजातले. निळी छत्री, तुमचेही कदाचित. त्यांना स्वातंत्र्य म्हणजे काय हे समजवायला कुणाला तीत-तीमथ्य सांगावे लागले नाहीत. शाळेत बाकावर बसायला मिळालं, एका पेल्यातून प्रभुभोजन घेतलं, नाव विचारताना कुणी नाक मुरडलं नाही. ते आत्मिक होतं की सामाजिक? त्यांना तो फरक पडलाच नसेल. येशू स्वतः नासरेथच्या सभास्थानात यशयाचं पुस्तक उघडून काय वाचतो, बंदिवानांना सुटका, ठेचलेल्यांना मोकळं करणं, लूक ४:१८.

आणि आज? तामिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीत सुद्धा जातीची भिंत आहे. आपल्याकडे भिंत नाही पण सोयरीक जमवताना मूळचे कुठले हे हळूच विचारतातच, नाही म्हणू नका. सरकारी कागदावर १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरत नाहीत, म्हणजे सरकार म्हणतं तुमच्यात जात नाही आणि मंडळीत लग्नाच्या वेळी जात हजर. असल्या मंडळीत टिकलीवर तास-तास बोलणारे लोक यावर एक अक्षर बोलत नाहीत, माझा राग त्यावर आहे.

जागरूक_विश्वासी

काळा फळा, जातीबद्दल तुमचं बरोबर आहे, गलती ३:२८ समोर ठेवून जात पाळणं हे पाप आहे, मी माझ्या मंडळीत बोललो आहे यावर आणि त्याची किंमतही दिली आहे. पण पानसुपारी, तुम्ही मूर्तीच्या प्रसादाचा प्रश्न हुशारीने टाळलात. १ करिंथ १०:२० आणि २१ वाचा. प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत. आणि १०:२८, कुणी सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे तर खाऊ नका. ऑफिसात मोदक देताना प्रसाद म्हणूनच देतात ना? मग? स्वातंत्र्याच्या नावाखाली हे कसं बसवणार? कृत्ये १५ वरही तुम्ही काही बोलला नाहीत.

पानसुपारी

टाळलं नाही हो, पोस्ट लांबत चालली होती. आणि १०:२८ चा मुद्दा तुमचा बरोबर आहे, तो मी मान्य करतो, त्यामुळे 'काही फरक पडत नाही, बिनधास्त खा' असं मी लिहिणार नाही. पण पूर्ण ८ ते १० अध्याय एकदम वाचा. करिंथ हे बंदराचं शहर, बाजारात मिळणारं बरंच मांस देवळातून आलेलं. पौल तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करतो. देवळात बसून तिथल्या पंगतीत भाग घेणं, त्याला नाही, तो भुतांचा प्याला तिथे येतो. बाजारातलं मांस, चौकशी न करता घ्या. विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने जेवायला बोलावलं, जायचं मनात असेल तर जा, वाढेल ते खा. मग त्यात कुणी सांगितलं हे अर्पण केलेलं आहे, तर खाऊ नका, आणि कारण काय देतो, तर सांगणाऱ्यासाठी, त्याच्या विवेकासाठी, तुमच्या नाही. पुढच्याच ओळीत विचारतो माझ्या मोकळिकीचा न्याय दुसऱ्याच्या विवेकाने का व्हावा. म्हणजे तिथेही न खाण्याचं कारण भीती नाही, शेजारी आहे. परत तेच तीमथ्याचं.

कृत्ये १५ ला सुद्धा सभा भरली कशासाठी होती, परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, सुंता केल्याशिवाय तारण नाही असं काहीजण म्हणत होते म्हणून. निर्णय झाला की ते ओझं त्यांच्यावर घालायचं नाही. बाकी ज्या गोष्टी पाळायला सांगितल्या त्या मला तरी एका टेबलावर यहुदी आणि इतर दोघांना जेवता यावं यासाठीच जास्त वाटतात, त्यातलं व्यभिचाराचं सोडून, ते अर्थात सगळ्यांना कायमच लागू. आणि टेबल हा किती मोठा विषय होता ते अंत्युखियात दिसतं. पेत्र आधी सगळ्यांबरोबर जेवत होता, यरुशलेमेहून माणसं आली तसा घाबरून वेगळा बसायला लागला, पौलाने तोंडावर त्याचा निषेध केला. काळा फळा यांना हे आवडेल, पहिल्या शतकात सुवार्तेवरचं भांडण पंगतीवरून झालं होतं.

थोडक्यात प्रसादाला नम्रपणे नको म्हणणारा ख्रिस्ती आणि घेणारा ख्रिस्ती दोघंही रोम १४ मध्ये बसतात. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. आणि ज्याला मनातून शंका आहे त्याने खाऊ नये, तेही तिथेच आहे. निळी छत्री, तुम्हाला शंका असेल तर नका खाऊ. माझं म्हणणं आईला बंधनात ढकलणाऱ्या ताईंबद्दल होतं.

दौंड_लोकल

एवढी चर्चा झाली आणि पंडिता रमाबाईंचं नाव कुणीच घेतलं नाही? मी केडगावच्या बाजूची आहे म्हणून राहवत नाही.

बाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला, तिथल्या अँग्लिकन सिस्टर्सकडे त्या राहत होत्या. आणि दोन वर्षांत त्यांची त्या सिस्टर्सशी पत्रांतून चांगलीच जुंपली, कारण त्यांना वाटत होतं की नवीन मुलगी आहे, चर्च सांगेल तसं गुपचूप मानेल. बाईंनी कळवलं की मी आत्ता कुठे भारतातल्या पुरोहितांच्या जुवातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, तसंच दुसरं जू आता मानेवर घेणार नाही, बायबलच्या आधाराशिवाय कुणी बिशप म्हणतो म्हणून मी मानणार नाही. तिसाव्या वर्षाच्या आतली बाई, परक्या देशात, नवरा गेलेला, लहान मुलगी बरोबर, त्याच लोकांच्या आश्रयाला राहून हे लिहिते! तिच्या पत्रात ते जू आलं ते गलतीतूनच आलं असणार असं मला वाटतं.

पण माझ्या मते खरी गोष्ट पुढची आहे. नंतर त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना ते आतून उमगलं. म्हणजे जू झुगारण्याची हिंमत आधीच होती आणि तरी काहीतरी राहिलं होतं. नियम झुगारले की माणूस मोकळा झाला असं नाही हे निळी छत्रीने पण लक्षात ठेवावं, नुसतं मंडळी सोडून काही होत नाही. आणि ते उमगल्यावर बाई कुठे ध्यानाला बसल्या नाहीत. दुष्काळात, १८९६-९७ ला, मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, मुलींना छापखाना शिकवला, विहिरी खणल्या, आणि हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल एकट्या बाईने साध्या मराठीत आणलं. ते छापलं पण तिथल्या बायकांनीच. काळा फळा, तुमचं आतलं-बाहेरचं भांडण केडगावला येऊन बघा, तिथे तुम्हाला ते वेगळं काढता येणार नाही.

टिळकांचंही तसंच, १९१७ ला मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा. मिशनवाल्यांना ते पचायला जड गेलं असणारच.

निळी_छत्री

बाप रे, मला वाटलं दोन ओळींची उत्तरं येतील. सगळ्यांना धन्यवाद, जागरूक दादा तुम्हालाही, तुम्ही १०:२८ दाखवलंत म्हणून मला कळलं की आमच्या मंडळीतले लोक अगदी हवेतलं बोलत नाहीयेत.

पण तीत आणि तीमथ्याचं वाचल्यावर मला विचारायला प्रश्न मिळाला. मी पाळकांना एवढंच विचारणार आहे की हे सगळं तुम्ही अट म्हणून सांगताय की सल्ला म्हणून. सल्ला असेल तर त्यातल्या निम्म्या गोष्टी मी आनंदाने करेन, दागिन्यांची मला तशीही हौस नाही. अट असेल तर मग गलतीकरांस पत्र घेऊन बसू म्हणेन. आणि आईबद्दल ते बोलणं मला त्या ताईंशीच बोलावं लागेल, ते मी पाळकांवर ढकलणार नाही. काळा फळा, हो, आमचेही तेच. आजी सांगायची की पहिल्यांदा चर्चमध्ये सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले तेव्हा तिच्या सासूला रडू आलं होतं. मी आतापर्यंत ती भक्तीची गोष्ट समजत होते.

काळा_फळा

भक्तीचीच आहे. आजीकडून अजून काय काय आठवतं ते लिहून काढा, खरंच सांगतो, आपल्या लोकांचं कुणी लिहिलेलं नाही.

रात्रपाळी

विषयाला धरूनच विचारतो, कॉल सेंटरला आहे, रविवारी शिफ्ट लागते, उपासना महिन्यातून एखादीच मिळते. मंडळीत म्हणतात शब्बाथ (देवाचा विसाव्याचा दिवस) मोडतोस, नोकरी बदल. घरी आई-वडील माझ्यावर अवलंबून. हे अट की सल्ला?

पानसुपारी

रोमकरांस १४:५ वाचा, एकजण एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो, प्रत्येकाची आपापल्या मनाची पूर्ण खात्री असावी. पण एकटे राहू नका हे मात्र सांगेन. मधल्या वारी कुणाच्या घरी प्रार्थना असते का बघा, बहुतेक मंडळ्यांत असते.

वसईचा_वारा

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे आमच्या उपासनेला, गेलात तरी रविवारचं धरतात. तुम्ही कॅथलिक नसलात तरी येऊन बसा, कुणी हाकलत नाही. कुठल्या भागात असता?